लेखा धोरणांची टीप लिहिताना या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला आणि वार्षिक सर्वसाधारण सभेची तारीख जवळ आली की लेखा धोरणांची टीप, म्हणजे कंपनीने हिशोब कोणत्या पद्धतींनी ठेवला हे सांगणारा ताळेबंदासोबतचा मजकूर, मागच्या वर्षीच्या फाइलमधून उचलून, फक्त वर्ष बदलून, शेवटच्या रात्री चिकटवली जाते. लहान खासगी कंपन्यांच्या ताळेबंदांत मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की आता ती टीप मी आकड्यांच्याही आधी वाचतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टिपेत एक पद्धत आणि हिशोबात दुसरी. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या टिपेत कच्च्या मालाचे मूल्यांकन ‘फिफो’ पद्धतीने, म्हणजे आधी आलेला माल आधी वापरला गेला असे धरून, केले जाते असे छापलेले होते. टॅलीत मात्र त्या मालापुढे सरासरी किंमत निवडलेली होती. अकाउंटंटना विचारले, तर ते म्हणाले, “साहेब, ते आधीपासून तसंच आहे.” खोदून पाहिल्यावर कळले की दोन वर्षांपूर्वीपर्यंत साठ्याचा हिशोब एक्सेलमध्ये फिफोने होत असे, डेटा टॅलीत हलवताना सरासरी निवडली गेली आणि तो निर्णय कोणीच घेतलेला नव्हता. पोलादाचे भाव चढते असल्याने अखेरच्या साठ्यात नऊ लाखांचा फरक निघाला. संचालकांचा उपाय सोपा होता: टिपेत फिफोच्या जागी सरासरी लिहा. परंतु चुकीची हिशोबपद्धत केवळ टीप देऊन बरोबर ठरत नाही, असे एएस-१ (एएस म्हणजे अकाउंटिंग स्टँडर्ड, लेखामानक) स्पष्ट सांगते, आणि धोरण बदलायचेच असेल तर एएस-५ नुसार ते कायद्याने किंवा लेखामानकाने आवश्यक असावे लागते किंवा त्यातून अधिक योग्य चित्र उभे राहावे लागते. शिवाय त्याचा परिणामही सांगावा लागतो. आम्ही तीन दिवस जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदपावत्या, आणि खरेदीची बिले लावत बसलो, साठा पुन्हा फिफोने काढला आणि मागील वर्षाशी संबंधित फरक पूर्वकालीन बाब म्हणून वेगळा दाखवला.

तेव्हापासून माझी सवय अशी की टीप एप्रिलमध्येच समोर घ्यायची आणि प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने ते कोणत्या खात्यावरून किंवा टॅलीच्या कोणत्या सेटिंगवरून सिद्ध होते ते लिहायचे. ज्या वाक्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते मी खोडतो. सीए होण्यासाठी आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करणाऱ्या मुलांना हे कंटाळवाणे वाटते, कारण त्यांना तयार नमुना हवा असतो. तो नमुना बहुधा एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा असतो आणि मग एएस लागू असलेल्या पंधरा कामगारांच्या कारखान्याच्या टिपेत ‘अपेक्षित पतहानी’ ही मोठ्या कंपन्यांच्या इंड-एएस मानकांतली संज्ञा अवतरते.

दुसरा घोळ घसाऱ्याचा, म्हणजे वापराने यंत्रांच्या घटणाऱ्या किमतीच्या हिशोबाचा. घसाऱ्याची पद्धत बदलणे म्हणजे धोरण बदलणे, असे जुन्या एएस-६ च्या काळात शिकलेले लोक अजूनही लिहितात आणि मागील वर्षांचा घसारा नव्याने मोजू लागतात. सुधारित एएस-१० नुसार हा अंदाजातील बदल आहे, त्यामुळे त्याचा परिणाम पुढील काळातच घ्यायचा.

ताळेबंदासोबत द्यायच्या आर्थिक गुणोत्तरांत मागील वर्षाच्या तुलनेत पंचवीस टक्क्यांहून अधिक बदल झाल्यास कारण द्यावे लागते. ‘व्यवसायातील चढउतार’ हे कारण नव्हे, कोणत्या ग्राहकाची ऑर्डर गेली किंवा कोणते कर्ज वाढले ते लिहा.

सूक्ष्म व लघु उद्योगांना द्यायच्या रकमांपुढे ‘पुरवठादारांकडून माहिती उपलब्ध नाही’ असे वर्षानुवर्षे छापू नका. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र एका पत्राने मागवता येते, आणि १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४३बी(एच) आल्यापासून (या उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चाची वजावट मिळत नाही) ही हयगय थेट करात दिसू लागली आहे.

आणि पानाच्या माथ्यावर ‘रक्कम लाखांत’ असे छापून आत एखादी टीप पूर्ण रुपयांत ठेवू नका. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ३ ला सर्वत्र एकच एकक लागते, आणि ही विसंगती तपासणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला दिसते.