कॅनडाची वाइल्डलाइफ चांदीची नाणी: सहाचा सेट कसा जमवायचा

आपल्याकडे चांदीचं नाणं म्हणजे लक्ष्मीपूजनाचं, हळदकुंकू वाहायचं आणि पुढच्या दिवाळीला काळं पडलं की रांगोळीने घासून चकाचक करायचं. ही सवय आधी सोडा. माझं पहिलं नाणं मी टूथपेस्टने घासलं, बारीक चरे पडले ते कायमचे, आता ते फक्त चांदीच्या भावात जाईल.

सुरुवात रॉयल कॅनेडियन मिंटच्या (कॅनडाची सरकारी टांकसाळ) वाइल्डलाइफ सिरीजपासून करा, कारण तिला शेवट आहे, सहाच नाणी. 2011 ला लांडगा आणि ग्रिझली अस्वल, 2012 ला कूगर (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) आणि मूस (हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा), 2013 ला प्राँगहॉर्न (काळविटासारखा दिसणारा) आणि वुड बायसन, हा आपला गवा नव्हे हां. प्रत्येक नाणं एक ट्रॉय औंसाचं म्हणजे 31.1 ग्रॅम, शुद्धता 99.99 टक्के, नाण्यावर लिहिलेली किंमत 5 कॅनेडियन डॉलर, आणि प्रत्येकाची 10 लाख नाणी काढलेली. म्हणजे दुर्मिळ वगैरे कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. तरी पहिलं म्हणून लांडगा बाकीच्यांपेक्षा महाग जातो, तोच आधी घ्या, नाहीतर पाच जमतात आणि सेट तिथेच अडकतो.

घेताना त्या दिवसाचा चांदीचा भाव काढा, वर किती जास्त मागतोय ते बघा. मग वजनकाटा, आणि व्यास 38 मिमी भरतो का बघा. लोहचुंबकाला चिकटलं तर विषयच संपला.

आता खरी भानगड, मिल्क स्पॉट्स. नाण्यावर दुधाचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे डाग येतात, त्या काळातल्या कॅनडाच्या नाण्यांवर हे फार, कधीकधी घरात ठेवल्यावर काही वर्षांनी उगवतात आणि नाणं खराब केल्याशिवाय निघत नाहीत. मिंटने यावर उपाय आणला तो 2018 ला, ही नाणी त्याआधीची. म्हणून विकणाऱ्याकडून त्याच नाण्याचे तिरप्या उजेडातले फोटो मागा, कॅटलॉगमधला नको.

घरी आलं की फक्त कडेने धरा आणि 38 मिमीच्या हवाबंद कॅप्सूलमध्ये (नाण्याच्या मापाची पारदर्शक प्लास्टिकची डबी) टाका. मऊ पीव्हीसीचं पाकीट नको, त्याने हिरवट चिकट थर चढतो.

आई विचारत होती लांडगा पूजेत ठेवू का. म्हटलं ठेव, पण कॅप्सूलसकट, कुंकू वरून.