अर्धवट भरलेला लॅटिन स्क्वेअर पुरा होईल का, आधीच कसं ओळखायचं

परभणी-लातूरकडची बीएस्सी ॲग्रीची पोरं लॅटिन स्क्वेअर डिझाईन शिकतात, तुरीचे ५ वाण असले की ५ ओळी ५ कॉलम, अन् प्रत्येक वाण दर ओळीत, दर कॉलममध्ये एकदाच. पण काही प्लॉट आधीच पेरलेले असले तर बाकीचा बसंल का? लगेच भरायला बसू नका, आधी मोजा.

स्क्वेअरची बाजू एन धरा, प्रत्येक प्लॉट म्हणजे एक घर, अन् वाणांना १ ते एन असे आकडे द्या. एका ओळीत किंवा कॉलममध्ये तोच आकडा दोनदा नाही ना, ते बघून घ्या. मग भरलेली घरं मोजा, ती एनपेक्षा कमी असली तर कुठंही विखुरलेली असू द्या, स्क्वेअर पुरा होतोच. हा गणिती इव्हान्सचा १९६० चा अंदाज, अन् स्मेटानियुक नावाच्या गणितीनं तो १९८१ ला सिद्ध केला. एक घर जास्त झालं की मात्र खात्री संपली. ४ बाय ४ मध्ये पहिल्या ओळीत १, २, ३ लिहा अन् चौथ्या कॉलमच्या दुसऱ्या घरात ४, आता पहिल्या ओळीचं शेवटचं घर ४ च मागतंय पण त्या कॉलममध्ये ४ आधीच बसलाय.

वरच्या काही ओळी पूर्ण भरल्या असतील अन् खाली सगळं रिकामं असंल तर बिनघोर राहा, मार्शल हॉलनं १९४५ लाच दाखवलंय की ते नेहमी पुरं होतं. एकेक ओळ भरत जा, अडकलात तर त्याच ओळीतले आकडे अदलाबदल करा, वरची ओळ खोडायची गरज कधीच पडत नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, कोपऱ्यात आयत भरलेला अन् बाकी सगळं रिकामं असलं तर. गणिती रायझरचा १९५१ चा नियम असा: आयताच्या ओळी अधिक कॉलम वजा एन, प्रत्येक आकडा आयतात निदान तितक्या वेळा पाहिजे, तेवढं असलं की पुरा होणार, नसलं तर नाहीच. ५ बाय ५ च्या कोपऱ्यात ३ बाय ३ भरलंय अन् त्यात फक्त १, २, ३ च वापरलेत समजा. ३ अधिक ३ वजा ५ म्हणजे १, पण ४ एकदाही नाही. का अडतंय बघा, त्या तिन्ही ओळींना ४ पाहिजे, जागा उरली शेवटच्या २ कॉलममध्ये, अन् दर कॉलममध्ये ४ एकदाच चालतो, मग तिसरा ४ कुठं ठेवणार? तेच ६ बाय ६ असतं तर उत्तर शून्य येतं, म्हणजे काहीही भरलेलं असलं तरी चालतं. आयत कोपऱ्यात नसला तर ओळी अन् कॉलम इकडंतिकडं सरकवून तिथं आणा, त्यानं उत्तर बदलत नाही. लई जण हेच विसरतात.

घरं वेडीवाकडी भरलेली असली तर असा सोपा नियम माहीत नाही, कोलबर्ननं १९८४ ला दाखवलं की हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे दर वेळी झटपट उत्तर देणारी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही. तिथं दर ओळीत अन् कॉलममध्ये बघा, ३ रिकाम्या घरांना मिळून २ च आकडे चालत असतील तर तिथंच थांबा, होणार नाही. असं कुठं सापडलं नाही तरी होईलच असं नाही, मग ज्या घराला सगळ्यात कमी पर्याय आहेत तिथून भरायला घ्या, म्हणजे चुकलं तर लवकर कळतं.