एन्थाल्पीची गणितं: आधी अवस्था, मग आकडे

बारावीच्या पहिल्या चाचणीत मिथेनच्या ज्वलनाचं गणित होतं. माझं उत्तर आलं −८०२.३ किलोज्यूल. तपासलेल्या पेपरवर शेजारी लाल शाईत −८९०.३ लिहिलेलं. बेरीज तीनदा करून पाहिली, कुठेच चूक सापडेना. मग प्रश्न नीट वाचला. पाण्यापुढे कंसात द्रव अवस्थेची खूण होती आणि मी तक्त्यातला वाफेचा आकडा उचलला होता. द्रव पाण्याची निर्मिती एन्थाल्पी (मूलद्रव्यांपासून एक मोल, म्हणजे कणांची एक ठरावीक संख्या, पदार्थ बनताना होणारा उष्णतेचा बदल; उष्णता बाहेर पडली तर वजा) मोलमागे −२८५.८ किलोज्यूल, वाफेची −२४१.८. फरक ४४ चा, आणि समीकरणात पाणी दोन मोल, म्हणजे ८८. २५ अंशाला एक मोल पाण्याची वाफ करायला तेवढीच, ४४ किलोज्यूल उष्णता लागते. तेव्हा कुठे त्या कंसाचा अर्थ मला लागला.

आता मी अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते. समीकरण संतुलित करून प्रत्येक पदार्थाची अवस्था लिहिल्याशिवाय तक्ता उघडू देत नाही. त्यानंतर उत्पादितांच्या निर्मिती एन्थाल्पींच्या बेरजेतून अभिक्रियाकारकांची बेरीज वजा करायची. मिथेनसाठी: −३९३.५ (कार्बन डायऑक्साइड), त्यात दोन वेळा −२८५.८, आणि त्यातून मिथेनचे −७४.८ वजा. वजा वजा अधिक होतं, ते मनातल्या मनात न करता कंस घालून लिहा. ऑक्सिजन शून्य, कारण मूलद्रव्याच्या प्रमाणित रूपाला शून्य धरायचं ठरलेलं आहे, डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून धरतो तसं. कार्बनसाठी हा मान ग्रॅफाइटचा. हिऱ्याचा आकडा शून्य नाही, +१.९ आहे.

माझा सगळ्यात आवडता भाग हेसचा नियम. जिनिव्हात जन्मलेल्या आणि रशियात, सेंट पीटर्सबर्गला काम केलेल्या जर्मेन हेसने तो १८४० मध्ये मांडला. अभिक्रिया एका पायरीत होवो की चार पायऱ्यांत, एकूण उष्णता तीच. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम तेव्हा अजून रूढ झालेला नव्हता, हे लक्षात घेतलं की त्याच्या मोजमापांचं महत्त्व कळतं. उपयोग बघा. कार्बन अर्धवट जाळून निव्वळ कार्बन मोनॉक्साइड मिळवणं अवघड, सोबत थोडा डायऑक्साइड होतोच. म्हणून त्याची निर्मिती एन्थाल्पी थेट मोजता येत नाही. पण कार्बन पूर्ण जाळला तर −३९३.५, मोनॉक्साइड जाळला तर −२८३.०, ही दोन्ही मोजता येतात. दुसरं समीकरण उलटं करा (चिन्हही उलटं, +२८३.०) आणि बेरीज घ्या: −११०.५. समीकरण उलटवून चिन्ह तसंच ठेवणं आणि समीकरणाला २ ने गुणून एन्थाल्पीला न गुणणं, या दोन चुका मला दरवर्षी दिसतात.

बंध एन्थाल्पीत (अणूंमधला एक मोल बंध तोडायला लागणारी ऊर्जा) क्रम फिरतो: तुटणारे बंध वजा जुळणारे बंध. तोडायला ऊर्जा घालावी लागते, एवढं पक्कं असलं की क्रम चुकत नाही. मिथेनसाठी तुटणारे ४ × ४१४ (C–H) आणि २ × ४९८ (O=O) मिळून २६५२. जुळणारे २ × ७९९ (C=O) आणि ४ × ४६३ (O–H) मिळून ३४५०. उत्तर −७९८. बंधांचे आकडे वायुरूपासाठी असतात, त्यामुळे हे ताडून पाहायचं ते −८९०.३ शी नाही, माझ्या त्या −८०२.३ शी. चारचा फरक उरतो, कारण हे आकडे सरासरी आहेत. पुस्तकागणिक ते थोडे बदलतात, तेव्हा प्रश्नात दिलेलेच घ्या.

एकदा तरी हे हाताने मोजा. थर्माकोलच्या कपात एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मिलिलिटर, त्यात तितकंच, एक मोलरच सोडियम हायड्रॉक्साइड. उदासिनीकरणाचे (आम्ल आणि अल्कली मिळून पाणी होण्याचे) मोलमागे −५७.३ किलोज्यूल धरले तर तापमान साधारण ६.८ अंशांनी वाढायला हवं. आमचं पहिल्यांदा ६.१ आलं. पुठ्ठ्याच्या झाकणाला थर्मामीटरपुरतं भोक पाडून पुन्हा केलं, तेव्हा ६.६.