बेटावरचं छोटं संग्रहालय नीट पाहायचं तर

उष्ण कटिबंधातल्या बेटावरचं स्थानिक इतिहासाचं संग्रहालय बहुधा तीन-चार खोल्यांचं असतं. वीस मिनिटांत उरकता येतं, पण मग हाती काहीच लागत नाही. दीड-दोन तास हाताशी ठेवून जा. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा, कारण माणसं मोजकी असतात आणि एखादा रजेवर गेला की दार बंद. तिकिटासाठी सुटे पैसे असू द्या. ओली छत्री आणि खाऊ बाहेरच ठेवा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की कागदाला, कापडाला बुरशी धरते. खाऊच्या कणांवर झुरळं येतात आणि तीच पुढे पुस्तकांची बांधणीही कुरतडतात.

आत अंधार वाटेल, पण तो मुद्दाम ठेवलेला असतो. कागद, कापड आणि जलरंगातल्या चित्रांना साधारण ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) इतकाच प्रकाश देतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. लख्ख उन्हातून आलेल्या डोळ्यांना सरावायला पाच-दहा मिनिटं लागतात. म्हणून आधी तोफा, जहाजाचे नांगर, दगडी वस्तू पाहा. पत्रं आणि जुने फोटो त्यानंतर.

समुद्रातून काढलेल्या लोखंडापाशी जरा थांबा. पृष्ठभागावर तांबूस-पिवळे थेंब दिसले, पापुद्रे सुटलेले दिसले, तर आत मुरलेले क्लोराइड क्षार (समुद्राच्या मिठातले) अजून लोखंड गंजवताहेत असं समजा. ते काढायला अशा वस्तू अल्कलीच्या द्रावणात महिनोन्‌महिने, मोठ्या तोफा तर कित्येक वर्षं ठेवाव्या लागतात. हात लावू नका. घामातही मीठच असतं.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वस्तूवरचा नोंद क्रमांक. १९८७.१२.३ असा असेल तर सहसा १९८७ साली आलेल्या बाराव्या संचातली तिसरी वस्तू. वस्तू, पाटी आणि क्रमांक यांचा एकत्र फोटो घ्या (आधी परवानगी, फ्लॅश बंद, काचेवर चमक येत असेल तर थोडं तिरकं उभं राहा). मग क्रमांक दाखवून विचारा, ‘ही कुणी दिली, कुठे सापडली?’ ‘इथे काय खास आहे?’ असं विचारलं तर पाठ केलेलं उत्तर मिळतं. क्रमांक दाखवला तर नोंदवही उघडते.

जाण्याआधी बेटाच्या दोन-तीन तारखा माहीत करून घ्या. मॉरिशसमधल्या माएबूरच्या संग्रहालयाचंच पाहा. ऑगस्ट १८१० मध्ये तिथल्या ग्रँड पोर्टच्या उपसागरात इंग्रज-फ्रेंच आरमारी लढाई झाली आणि जखमी झालेले दोन्ही बाजूंचे सेनानी, इंग्रज विलोबी आणि फ्रेंच दुपेरे, यांच्यावर आज संग्रहालय असलेल्या याच घरात उपचार झाले. हे ठाऊक असलं की खोल्यांकडेच वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. १७४४ मध्ये बुडालेल्या ‘सँ-जेराँ’ जहाजाची घंटाही तिथेच आहे. सेनानींची नावं सापडतील, पण गुलामांची आणि करारावर आणलेल्या मजुरांची मुद्दाम शोधावी लागतात. ती सहसा काचेच्या कपाटात नसून नोंदवह्यांत असतात.

पूर्वजांचा माग काढायचा असेल तर दोन आठवडे आधी लिहून कळवा: नावाची सगळी संभाव्य स्पेलिंगं, जन्माचं अंदाजे साल, जहाज आल्याचं साल. नोंदवह्या पाहताना पेन चालत नाही, पेन्सिल न्या. जुने कागद धुतलेल्या, कोरड्या हातांनी हाताळा. हातमोज्यात बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. फोटोंना मात्र हातमोजे हवेत. घरातली जुनी वस्तू द्यायची असेल तर काउंटरवर ठेवून निघू नका. देणगीपत्रावर सही करा आणि वस्तू कुणाची, कुठली, हे सोबत लिहून द्या.