दुसरं दुकान काढण्याआधी चणे मोजा

पार्ल्यातलं आमचं लेबनीज खाण्याचं पहिलं काउंटर जेमतेम अकरा फूट रुंद होतं. आज पार्ले, मुलुंड आणि अंधेरी एमआयडीसी अशी तीन दुकानं आहेत, भांडुपला बेस किचन, म्हणजे सगळ्या दुकानांचा माल बनवणारं स्वयंपाकघर, आहे, आणि दर आठवड्याला कुणाचा तरी फोन येतो: "ताई, आम्हालाही लेबनीजची चेन काढायचीय." काढा की. मी स्वतः लेबनॉनला कधी गेलेले नाही. लंडनमध्ये 2008 साली 'कॉम्पतुआर लिबाने' ही रेस्टॉरंटची चेन सुरू करणारे टोनी किटूसही लेबनीज नव्हेत, अल्जीरियाचे. त्यांची कंपनी 2016 मध्ये शेअर बाजारात गेली. तेव्हा गाव आडवं येत नाही. आडवे येतात चणे, ज्यांची वाटून केलेली चटणी म्हणजे हमस.

मुलुंडचं दुकान मे महिन्यात उघडलं. पंधरा दिवसांत एका नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला: "पार्ल्याचं हमस आणि तुमचं मुलुंडचं हमस, एकाच दुकानाचं का?" मी जाऊन चाखलं. आंबूस, वर बारीक रवाळ. कारागीर तोच, माल तोच, मिक्सर तर नवा कोरा. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं. पार्ल्यात चणे फ्रिजमध्ये भिजायचे. मुलुंडला फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून पातेलं ओट्याखाली ठेवलेलं. मेच्या उकाड्यात पहाटेपर्यंत त्यावर फेस यायचा. पार्ल्यात मी रोज हजर असायचे, म्हणून ही गोष्ट कागदावर कधी उतरलीच नव्हती.

तर पहिलं काम हे: तुमच्या डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा, आणि मग आठ दिवस दुकानात पाऊल टाकू नका. आठ दिवसांनी जे बिघडलेलं दिसेल, ते कागदावर नव्हतं असं समजा.

आमचा हमसचा कागद असा. काबुली चणे वाशीच्या मार्केटमधून, 42-44 काउंटचे, म्हणजे एका औंसात तेवढे दाणे बसतात. दरवेळी त्याच काउंटचे, कारण काउंट बदलला की शिजायचा वेळ बदलतो. जुना साठा गळ्यात मारला तर कितीही शिजवा, साल बोटाला लागतेच. एक किलो चण्याला पाच ग्रॅम खायचा सोडा, बारा तास भिजवण, फ्रिजमध्येच. शिजवल्यावर सव्वादोन किलोच्या आसपास भरतात. दाणा दोन बोटांत धरला की पिठासारखा चिरडला पाहिजे. चिरडताना मध्ये कणी लागली तर परत चुलीवर. त्यात साडेसहाशे ग्रॅम ताहिनी (तिळाचं वाटण), लिंबाचा रस, लसूण, मीठ आणि बर्फाचं पाणी. पाणी बर्फाचंच हवं, त्यानेच हमस पांढरं आणि हलकं होतं. एवढ्यात 120 ग्रॅमच्या सव्वीसेक वाट्या निघतात. वीसच निघाल्या तर कुणीतरी हात सैल सोडतंय.

ताहिनी परदेशी आणू नका. सोललेले पांढरे तीळ मंद भाजून आपल्याकडेच उत्तम निघते, फक्त लाल होऊ देऊ नका, कडू लागते. लबने म्हणजे पाणी गाळलेलं घट्ट दही, त्याचा तर प्रश्नच नाही. सासूबाईंनी पहिल्यांदा चाखून विचारलं होतं, "हा चक्काच की गं, वर तेल कशाला ओतलंस?" त्यांना श्रीखंडाचा चक्का टांगायची चाळीस वर्षांची सवय, बेस किचनला लबने आजही त्यांच्याच पद्धतीने टांगतात.

मेनू लांबवू नका. बैरूतचं 'झातार व झीत' हे रेस्टॉरंट मनऊशेच्या जोरावर मोठं झालं. झातार (सुक्या पानांचा आणि तिळाचा मसाला) आणि ऑलिव्ह तेल लावलेली ती भाकरी 2023 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेली. आमच्याकडे चौदा पदार्थ आहेत, त्यातले चार काढायचे आहेत. जैन हमस मात्र काढू नका. मुलुंड-पार्ल्यात त्याशिवाय भागत नाही, आणि त्याचं भांडं वेगळं ठेवा, लसणाचा वास धुऊन जात नाही.

शॉरमाबद्दल कडक राहा. मे 2024 मध्ये मानखुर्दला शॉरमा खाल्ल्यानंतर एका तरुणाचा जीव गेला, तेव्हा महिनाभर आमचाही गल्ला निम्म्यावर आला. शीग लहान ठेवा, सहा किलोची. रात्री उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी शिगेवर चढत नाही, फेकतो. अंड्याच्या मेयोनेजऐवजी तूम लावा: लसूण, तेल, लिंबू, मीठ, अंडं नाहीच. तेल धारेने नव्हे, थेंबाथेंबाने, नाहीतर फाटतं. थंड पदार्थ 5 अंशांखाली, गरम 60 च्या वर. प्रत्येक दुकानाचा आणि बेस किचनचा अन्नसुरक्षेचा एफएसएसएआय परवाना वेगळा लागतो, पार्ल्याचा नंबर मुलुंडच्या बिलावर छापून चालत नाही.

आता पैसे. रेस्टॉरंट म्हणून आपण गिऱ्हाइकाकडून 5 टक्के जीएसटी घेतो, पण त्यावर इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे भाड्यावरचे 18 टक्के आणि डिलिव्हरी अॅपच्या कमिशनवरचे 18 टक्के थेट आपल्या खिशातून. भाडं एक लाख म्हणाले की मनात एक लाख अठरा हजार धरा. लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीत करार न मोडण्याची अट, दोन्ही बाजूंना सारखं आहे का, ते वकिलाकडून वाचून घ्या. मी एकदा घेतलं नव्हतं. मालकाने अकराव्या महिन्यात जागा मागितली आणि आमचं फरशी-एक्झॉस्टचं काम तिथेच राहिलं.

बेस किचन दुसऱ्या दुकानाला परवडत नाही, तिसऱ्याला लागतंच. आमचं हमस, तूम आणि फलाफलचं वाटण भांडुपहून पहाटे पाचला निघतं. फलाफल, म्हणजे चण्याचे वडे, तळतात मात्र दुकानातच. खुबूस, म्हणजे अरबी रोटीही दुकानातच भाजतो. जुलैत गरम खुबूस लगेच प्लॅस्टिकमध्ये भरला की घाम सुटून लगदा होतो, म्हणून दोन मिनिटं जाळीवर आणि मग कागदी पिशवीत. अंधेरीचा नवा पोरगा ही दोन मिनिटं अजून खातो. येत्या सोमवारी मी तिथेच बसणार आहे.