सीएमएसमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी: गट, लेख आणि आपले नाव

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून किंवा पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतून सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगात येणारा विद्यार्थी गोंधळतो तो लेखकांच्या यादीपाशी. आपल्याकडे लेखावर चार-पाच नावे असतात आणि ज्याने काम केले त्याचे नाव बहुधा पहिले असते. येथे मात्र यादीत आधी देश, मग त्यातील संस्था आणि त्याखाली व्यक्ती अशी मांडणी असते, त्यामुळे अग्रस्थानी जवळजवळ नेहमी आर्मेनियातील येरेवानची संस्था दिसते. २०१५ साली सर्नमधील दुसरा प्रयोग अ‍ॅटलास आणि सीएमएस यांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी लिहिलेल्या लेखाला ५,१५४ लेखक होते, आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने लेखकांच्या व संस्थांच्या यादीनेच व्यापली होती.

तेव्हा तुम्ही नेमके काय केले, हे प्रसिद्ध झालेल्या लेखावरून कोणालाच कळत नाही. ते कळते अंतर्गत विश्लेषण टिपणावरून, ज्याला येथे सगळे (‘अॅनालिसिस नोट’वरून) नुसते ‘एएन’ म्हणतात. त्यावर प्रत्यक्ष राबलेल्या मोजक्यांचीच नावे असतात. बाहेरच्यांना हे टिपण वाचता येत नसल्याने पुढे नोकरीसाठी शिफारसपत्र लिहिणाऱ्याला तुमचा त्यातील वाटा ठाऊक असावा लागतो, आणि तो गटाच्या साप्ताहिक बैठकीत वारंवार बोलल्याशिवाय ठाऊक होत नाही. पहिले सहा महिने मी मागच्या रांगेत गप्प बसून काढले. ते चुकलेच.

गट दोन प्रकारचे आहेत, असे ढोबळपणे धरा. हिग्ज, टॉप क्वार्क अशा एकेका कणाच्या अभ्यासाचे गट लेख काढतात, तर म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद), जेट (एका दिशेने निघालेला कणांचा झोत) वगैरे ओळखण्याच्या पद्धती घडवणाऱ्या गटांवर बाकी सगळे अवलंबून असतात. लेखकयादीत येण्यासाठी प्रयोगाचे सेवाकार्यही करावे लागते. ते शोधकाच्या, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्राच्या, देखभालीचे असेल तर उत्तम, कारण यंत्र आतून कळते. टाटा संस्थेचा हात लागलेला बाहेरचा हॅड्रॉन कॅलरीमापक (प्रोटॉनसारख्या कणांची ऊर्जा मोजणारा शोधकाचा भाग) तर आपल्या घरचाच म्हणावा लागेल.

विश्लेषणाची पद्धत मंजूर होईपर्यंत आकडेवारीतील अपेक्षित संकेताचा भाग, म्हणजे शोधायची गोष्ट जेथे दिसावी तो भाग, बहुधा झाकून ठेवतात, म्हणजे आकडे पाहून पद्धत वाकवण्याचा मोह होत नाही. झाकण उघडल्यानंतरही, निकालाला मान्यता मिळेपर्यंत, प्रयोगाबाहेरच्या कोणाला, अगदी भारतातील जुन्या मार्गदर्शकांनाही, एक आकडा सांगू नका. त्यानंतर लेखाचा मसुदा साऱ्या सहयोगापुढे, म्हणजे प्रयोगातील सगळ्यांपुढे, जातो. माझ्या पहिल्या मसुद्यावर आलेल्या शेऱ्यांना उत्तरे देण्यातच दोन महिने गेले.

शेवटी नावाचे. पारपत्रात वडिलांचे नाव मध्ये, कोठे नुसते आद्याक्षर, तर कोठे तेही नाही, अशी आपली तऱ्हा असते. नोंदणीच्या दिवशी एकच रूप ठरवा, ऑर्किड हा संशोधकाची कायमची ओळख सांगणारा क्रमांक काढा आणि तो इन्स्पायर या लेखसूचीतील आपल्या नोंदीला जोडा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीने हे केले नव्हते, आणि तिचे लेख अजूनही दोन निरनिराळ्या व्यक्तींच्या नावे दिसतात.