सागाचा नंदी परदेशी न्यायचा असेल तर

श्रावण लागला की नागपूरच्या महाल भागातल्या माझ्या दुकानापुढे लाकडी नंद्यांची रांग लागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मुले चाकांवरचा नंदी ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, घेऊन येतात. नागपूरकराला हे सांगावे लागत नाही. अलीकडे मात्र बरेच नंदी परदेशातल्या नातवंडांसाठी घेतले जातात. काही वर्षांपूर्वी एक आजी नातवाकडचा मुक्काम आटोपून परतल्या, दुकानात आल्या आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडून एक शिंग माझ्यासमोर ठेवले. "भाऊ, नंदी पोचला, पण शिंग विमानातच मोडलं," एवढेच त्या म्हणाल्या. तोपर्यंत मी वेष्टनाला दोष देत असे. ते शिंग उलटसुलट करून पाहिले तेव्हा दोष माझ्या पटाशीचा असल्याचे लक्षात आले. पुढे मी स्वतः नंदी घेऊन परदेशी जाऊ लागलो. हाताने वस्तू घडवणाऱ्या आणि त्या घेऊन बाहेर पडू पाहणाऱ्या दुकानदारांसाठी त्या अनुभवातले कामाचे तेवढे येथे लिहितो.

वस्तूचा प्रवास पेन्सिलीच्या रेघेपासून गृहीत धरावा. आजींच्या नंदीचे शिंग मी डोक्याच्याच लाकडातून कोरले होते. त्यामुळे लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, शिंगाच्या लांबीने न जाता शिंगाला आडवी गेली होती, आणि आडव्या रेषेचे लाकूड किरकोळ दाबानेही तुटते. आता मी शिंगे वेगळ्या तुकड्यातून, रेषा टोकापर्यंत धावेल अशी कोरतो. बुडाशी आठ मिलिमीटर जाडीची, किंचित निमुळती खुंटी ठेवतो आणि डोक्यात पंधरा मिलिमीटर खोल भोक पाडून ती सरस न लावता घट्ट बसवतो. प्रवासात शिंगे काढून वेगळी ठेवता येतात, पोचल्यावर लहान मूलही ती बसवू शकते. पायांचेही तेच. एकाच फळीतून नंदी कापायचा असेल तर रेषा पायांच्या दिशेने उभी ठेवावी. मग तोंड आणि शेपूट कमजोर पडतात, म्हणून तोंड आखूड व भरीव ठेवावे आणि शेपूट अंगाला चिकटूनच कोरावी. चाकांचा आसही ठोकून पक्का करू नये, बाहेर काढता येईल असा ठेवावा. उंची वीस सेंटिमीटरच्या आत राहिली तर नंदी कपड्यांच्या घडीत सहज मावतो.

लाकूड कधी घडवावे हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि लाकूड चांगलेच सुकते. पावसाळ्यात तेच लाकूड हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात घडवलेला नंदी हिवाळ्यात युरोपातल्या तापवलेल्या कोरड्या खोलीत जाऊन बसला की मानेपाशी तडकतो. लकडगंज या इथल्या लाकूडबाजारातून चिरून आणलेल्या सागाच्या फळ्या मी मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचतो, आणि बाहेरगावी जायचे नंदी फेब्रुवारी ते मे याच काळात घडवतो. लाकूड सुकले की नाही हे ओळखण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एका तुकड्यावर खूण करून तो दर आठवड्याला काट्यावर तोलावा. सलग तीन आठवडे वजन हलले नाही तर पटाशी उचलावी. पॉलिशलाही पुरते दिवस द्यावेत. वरवर सुकलेल्या रंगावर फुगेवाला प्लास्टिकचा कागद गुंडाळला तर नंदीच्या पाठीवर गोल ठशांची नक्षी उमटते, आणि ती पुन्हा घासल्याखेरीज जात नाही.

साग नेण्यास सहसा अडचण येत नाही. शिसव आणि सिसम ही दोन्ही झाडे मात्र डालबर्जिया वंशातली आहेत, आणि २ जानेवारी २०१७ पासून हा वंश वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याच्या निर्यातीला कागदपत्रे लागतात. तयार वस्तूंना दहा किलोच्या मर्यादेत सूट असली तरी लाकूड कोणते आहे ते बिलावर स्पष्ट लिहावे, आणि व्यापारी माल मोठा असेल तर हस्तकला निर्यात संवर्धन परिषदेकडून मिळणाऱ्या 'वृक्ष' प्रमाणपत्राची चौकशी करावी. सजावटीत मोरपीस अजिबात लावू नये. मोरपिसांच्या आणि त्यांच्या वस्तूंच्या निर्यातीला आपल्याकडे बंदी आहे. शंखशिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, आणि तपासणाऱ्याला आपली माळ कोणत्या जातीची हे लगेच कळेलच असे नाही. म्हणून कवड्यांऐवजी लाकडी मणी आणि पितळेचे घुंगरू वापरावेत. नंदी त्यातही देखणाच दिसतो.

वेष्टनाबाबत मी एकदा चांगलाच फजीत झालो आहे. आपल्याकडे काचेच्या बरण्या तणसात, म्हणजे पेंढ्यात, बांधतात, तसेच मी पहिल्या खेपेला नंदी धानाच्या तणसात बांधले. एका परदेशी विमानतळावर अधिकाऱ्याने खोके उघडले, तणस पाहिले, हातमोजे चढवले आणि सगळे तणस पिशवीत भरून जप्त केले. नंदी तेवढे परत मिळाले, पण पुढचा प्रवास त्यांनी माझ्या सदऱ्यांत गुंडाळून केला. तणस, भुसा, वाळलेली पाने यांतून कीड आणि बी येते, म्हणून बहुतेक देश त्याबाबत कडक असतात. ऑस्ट्रेलियात तर लाकडाची वस्तूही अर्जावर जाहीर करावीच लागते. चुरगाळलेला कोरा कागद आणि जाड सुती कापड पुरेसे आहे. माल लाकडी पेटीतून पाठवायचा असेल तर त्या पेटीच्या लाकडावर आयएसपीएम १५ या लाकडी वेष्टनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का लागतो, म्हणजे सहसा लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे दिलेली असावी लागते. प्लायवूडला ही अट नाही, म्हणून माझ्या पेट्या प्लायवूडच्या असतात.

आता कागदपत्रे. नातेवाइकाला भेट म्हणून एक नंदी नेणे आणि वीस नंदी विकायला नेणे यांत कायद्याने मोठा फरक आहे, आणि "भेटवस्तू आहेत" असे सांगून वीस नंदी सोडवण्याचा मोह कोणी करू नये. व्यापारासाठी आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. तो पॅनवर आधारित असतो, अर्ज ऑनलाइन होतो आणि शुल्क ५०० रुपये आहे. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. बदल काही नसला तरी तसे नोंदवावे लागते, हे विसरणारे पुष्कळ आहेत. जीएसटी नोंदणी असेल तर हमीपत्र भरून कर न भरता निर्यात करता येते. प्रदर्शनात केवळ मांडून परत आणायचा माल असेल तर फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्नेट, म्हणजे शुल्क न भरता माल तात्पुरता बाहेर नेण्याचा कागद, घ्यावे. ते जास्तीत जास्त एक वर्ष चालते आणि त्यात प्रत्येक नगाचे वर्णन, वजन व किंमत लिहावी लागते. आपल्यापैकी बरेच जण मुंबईहून किंवा दिल्लीहून विमान बदलतात, म्हणून कार्नेटवर शिक्का कोणत्या विमानतळावर घ्यायचा हे तिकीट काढतानाच ठरवावे. सामान नागपुरातून थेट पुढे गेले आणि कागद हातात राहिला तर शिक्का राहून जातो. विकायच्या मालाला कार्नेट उपयोगाचे नाही.

नंदीच्या बाबतीत एक खास पेच आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत लाकडी शोभेच्या वस्तू ४४२० या शीर्षात येतात आणि खेळणी ९५०३ मध्ये. युरोपीय संघात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना सीई हे सुरक्षिततेचे नियम पाळल्याचे चिन्ह लागते आणि त्यासाठी रंग, सुटे भाग, टोके अशा साऱ्यांची तपासणी करावी लागते. चाके आणि ओढायची दोरी असलेल्या नंदीला शोभेची वस्तू म्हणणे मला स्वतःलाच पटत नाही, अधिकाऱ्याला कसे पटावे? म्हणून युरोपसाठी मी दोरी व चाके नसलेला, पाटावर उभा नंदी करतो. चाकांचा नंदी नेण्याआधी तपासणीचा खर्च धरून किंमत काढून पाहावी; छोट्या दुकानाला तो बहुधा परवडत नाही.

एखाद-दुसरा नग टपालाने पाठवण्यासाठी डाकघर निर्यात केंद्राची सोय चांगली आहे, निर्यातीचा कागद तेथेच होतो. अमेरिकेच्या ग्राहकाला मात्र आधीच कल्पना द्यावी: ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलवरची तिथली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे.

प्रवासाला निघताना पटाशी, करवत, हातोडी ही हत्यारे विमान कंपनीकडे सोपवायच्या (चेक-इन) बॅगेतच ठेवावीत. स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, थिनर, पेट घेणारे रंग यांतले काहीही कोणत्याच बॅगेत नेता येत नाही. पर्यटक व्हिसावर स्टॉल लावून विक्री करता येत नाही. आयोजकाचे निमंत्रण घेऊन योग्य व्हिसा मागावा. शेंगेन देशांसाठी किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. आणि यजमानांसाठी संत्रा बर्फी घेऊ नये, हे लिहिताना माझे मलाच वाईट वाटते. पण तीत खवा असतो आणि युरोपीय संघात प्रवाशाला दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे.

परदेशातून काय आणावे, याबद्दल माझे मत ठाम आहे: तिथला माल आणून दुकानात मांडू नये, तिथली रीत पाहून यावी. जर्मनीत झेकच्या सीमेजवळ झायफेन नावाचे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले कारागीर प्राणी एकेक करून कोरत नाहीत. स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याची चकती लेथवर चढवतात आणि तिच्यातून एक कडे कातून काढतात. कड्याच्या बाहेरून पाहिले तर नुसत्या खाचा आणि उंचवटे दिसतात. मग कारागीर कड्यावर सुरी ठेवून हातोडीने हलकेच ठोकतो, फाक वेगळी होते, आणि तिच्या छेदात गाय किंवा घोडा दिसतो. एका कड्यातून डझनावारी प्राणी निघतात. कातताना आकृती दिसत नसते. पाठीचा बाक कुठे आणि पोटाचा उतार कुठे हे सारे त्या माणसाच्या हाताला ठाऊक असते. मी तिथे उभा राहून फोटो काढले नाहीत. आधी विचारले, एक छोटी गाय विकत घेतली आणि वहीत खाचांचा क्रम लिहिला.

नागपुरात परतल्यावर कडुनिंबावर प्रयोग केला. त्याची रेषा गुंतलेली असल्याने फाक सरळ सुटेना. सावरीचे ओले लाकूड सरळ फाटले, पण ते चार दिवसांत काळवंडते, म्हणून फाका पाडल्याबरोबर उन्हात टाकाव्या लागतात. दुसरी अडचण गमतीची होती. तिथल्या गायीला वशिंड नसते. वहीतला क्रम जसाच्या तसा कातला तेव्हा निघाला तो परदेशी बैल. पाठीच्या जागी एक खोल खाच घालून आणि तिच्या पुढे उंचवटा राखून आपला नंदी उभा राहायला मला सात कडी फुकट घालवावी लागली. फाक बाहेरून जाड आणि आतून निमुळती असते, तेव्हा शेवटचा हात कानशीचाच. हे छोटे नंदी वजनाला नगण्य आहेत आणि २३ किलोच्या बॅगेत शंभर सहज बसतात.

मोठ्या नंदीच्या पोटाखाली आता मी क्रमांक कोरतो, तोच क्रमांक शिंगाच्या खुंटीवर आणि दुकानातल्या वहीत असतो. प्रत्येक नंदीबरोबर त्याच भोकाला बसवून पाहिलेले एक जादा शिंग कागदात गुंडाळून द्यावे. आजींच्या नातवासाठी असे शिंग करता आले नाही, कारण त्या नंदीला भोकच नव्हते. त्यांना नवा नंदी दिला.